ट्रे वाजवणारी सिस्टर

लातूरला मी नापास झाले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणी म्हणायचं, बाई स्वतःचीच आरती ओवाळून राहिली. सव्वीस वर्षं बाळंतपणं केलेली, लेबर रूमची इनचार्ज, आणि रबराच्या बाहुलीपुढं नापास. तेही वीस-बावीस जणींच्या देखत, आणि अशा कारणानं की सांगताना अजून कान गरम होतात.

आमचं रुग्णालय नांदेडहून किनवटकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. हदगावकडच्या कापूस-सोयाबीनवाल्या घरांतल्या सुना येतात, तांड्यावरच्या येतात, आणि जंगलातल्या गुड्यांवरनं, म्हणजे आदिवासी पाड्यांवरनं, जीपमध्ये कोंबून आणलेल्या बायाही येतात. कधी दोन्ही टेबलं भरलेली आणि तिसरी बाई बाहेर बाकावर कळा देत बसलेली, असंही चालतं. तिथं माझं राज्य होतं. खोटं कशाला बोलू, मला ते राज्य आवडायचं. ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, सगळीकडं काम केलं, पण जीव लागला तो लेबर रूममध्येच.

एक दिवस आमच्या सरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, मला आणि एका नव्या पोरीला केबिनमध्ये बोलावलं. लातूरला सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, म्हणाले. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, श्वास घेत नाही, त्याला कसं वाचवायचं याचं. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. मग चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, वरून स्पष्ट सांगितलंय. यापुढं लेबर रूमची ड्यूटी फक्त पास झालेल्यांना. मग कोणीही असो."

"कोणीही" म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला हसूच आलं. म्हणलं, "सर, या पोरीची काळजी करा. माझी कशाला करता?"

ती पोरगी इस्लापूरच्याही पुढं, आत जंगलातल्या गावची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकली, नांदेडला नर्सिंग केलं आणि कंत्राटावर आमच्याकडं लागली. बोलणं मोजकं. तिचा-माझा एकदा खटका उडालेला होता. रुग्णालयाला सरावासाठी एक रबराचं बाळ आलं होतं, सोबत हवा द्यायची फुगीर पिशवी आणि तिला लावायचा छोटा मास्क. मी ते खोक्यासकट कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. तपासणीला कुणी आलं की काढायचं, कोरं करकरीत दाखवायचं आणि परत ठेवायचं. आमच्याकडं चांगली वस्तू अशीच टिकवतात. या पोरीनं माझ्या माघारी लेबर रूमच्या मावशीकडून किल्ली घेतली आणि दुपारची बाहुली काढून बसली. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "तुझ्या बापानं आंदण दिलंय का हे?" असं बोलले. तिनं बाहुली पुसली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि जागेवर ठेवली.

नांदेडहून लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोचेपर्यंत ती खिडकीशी बसून प्रशिक्षणाचं पुस्तक वाचत होती आणि मी तिला माझी बाळंतपणं सांगत होते. पायाळू कशी काढली, जुळी कशी काढली, जीपमध्येच मोकळी झालेली बाई कशी सांभाळली. ती मधूनमधून "हाव मॅडम" म्हणायची आणि परत पुस्तकात डोकं घालायची. मला राग यायचा. एवढी अनुभवाची शिदोरी शेजारी बसलीय आणि ही कागद चाळून राहिली.

लातूरला आम्हाला शिकवायला बाळांच्या डॉक्टर मॅडम होत्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, आवाज हळू, पण नजर अशी की आपली चूक आपल्याआधी तिला दिसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत "पहिलं मिनिट" एवढं लिहिलं आणि सहा दिवस ते पुसू दिलं नाही. बाळ बाहेर आलं की पुसा, पाठ चोळा, मान नीट ठेवा. तरी श्वास नसेल तर मिनिटाच्या आत पिशवीनं हवा द्या. एवढंच शिकायचं होतं. मी मागच्या बाकावर बसून शेजारणीला म्हणलं, "एवढ्यासाठी सहा दिवस?"

शेवटच्या दिवशी परीक्षा. मधोमध टेबल, टेबलावर बाहुली, बाजूला ट्रॉलीवर सगळं सामान. आमची पोरगी आधी गेली. एकदाही अडखळली नाही. मग माझा नंबर.

मॅडम म्हणाल्या, "बाळ जन्मलंय. रडत नाही."

मी पुसलं. पाठ चोळली.

"अजून रडत नाही."

आणि इथं मला काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. उजव्या हातानं ट्रॉलीवरची आर्टरी, म्हणजे आमचा तो कात्रीसारखा चिमटा, उचलली. डाव्या हातानं स्टीलचा किडनी ट्रे, वापरलेले बोळे टाकायचा तो. आणि बाहुलीच्या कानाशी मी तो ट्रे वाजवायला लागले. टण, टण, टण, टण. चांगला जोर लावून.

हॉलमध्ये आधी कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. दोघीच हसल्या नाहीत, एक मॅडम आणि एक आमची पोरगी. मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "मिनिट संपलं."

आता या ट्रेचं सांगते, नाहीतर वाटायचं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला होता. माझी पहिली नेमणूक किनवटच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात. मी एकवीस-बावीस वर्षांची, हातात कोरं प्रमाणपत्र. तिथल्या म्हाताऱ्या दाईनं मला हाताला धरून शिकवलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, ती रोज होती. माझ्यासमोर एक बाळ जन्मलं आणि रडेना. दाईनं बाळ पुसलं आणि काशाचं ताट घेऊन त्याच्या कानाशी वाजवलं. बाळ दचकलं आणि रडलं. या डोळ्यांनी बघितलेलं. त्या भागात घरोघर हेच करत. पुढं मी मोठ्या रुग्णालयात आले, तिथं काशाचं ताट कुठलं, मग किडनी ट्रे आणि आर्टरी. मी वाजवायचे, मी नसले तर मावशी वाजवायची. बाळ रडलं की सगळ्यांचे चेहरे फुलायचे. डॉक्टरसुद्धा हसून म्हणायचे, "वाजवा वाजवा, मॅडम." सव्वीस वर्षांत मला कुणी थांबवलं नाही.

परीक्षा संपल्यावर मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले होते. मॅडम दोन कप चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"ट्रे वाजवून किती बाळं रडली, सिस्टर?"

"लई," मी म्हणलं. रागातच होते.

"ती पुसल्यावरच रडणार होती. पाठ चोळली की रडणारच होती. तेवढ्या वेळात तुम्ही ट्रे वाजवलात म्हणून तुम्हाला वाटलं ट्रेनं रडली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि जी नाही रडली?"

मी कपातल्या चहाकडं बघत राहिले.

"त्यांना आवाज नको होता. हवा पाहिजे होती."

मला एक बाई आठवली. हदगावकडची, पहिलटकरीण, हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. तिच्या बाळापुढं मी किती वेळ ट्रे वाजवला होता, हात भरून आला तोपर्यंत. पिशवी आणि मास्क मागच्या स्टोअरच्या कपाटात होते. डॉक्टर आले तेव्हा काही राहिलं नव्हतं. मी त्या बाईच्या केसांवरून हात फिरवला होता आणि म्हणलं होतं, नशीब गं बाई. त्या पायरीवर बसून मी रडले. माझं वय, माझी नोकरी, माझा तोरा, काही आडवं आलं नाही. मॅडमनी समजूत घातली नाही, तिथून उठल्याही नाहीत. चहा गार झाल्यावर म्हणाल्या, "एका महिन्यानं फेरपरीक्षा आहे. या."

"आणि तोवर?"

"तोवर लेबर रूम नाही."

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा पोरीनं न विचारता खाली उतरून माझ्यासाठी चहा आणला. मी तो घेतला, तिच्याकडं न बघता.

आमच्याआधी बातमी पोचलेली होती. सरांनी मला इंजेक्शन रूमला टाकलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, पण टाकलं. लेबर रूमच्या किल्ल्या मी पोरीच्या हातात दिल्या. त्या बाहुलीच्या कपाटाची किल्ली तेवढी, त्या खटक्यानंतर मावशीकडून काढून घेतलेली, माझ्याच कमरेला राहिली, द्यायचं सुचलं नाही. लॅबवाला येता-जाता दारातून विचारायचा, "मॅडम, ट्रे आणून देऊ का?" मी म्हणायचे, "आण, तुझ्या डोक्यावर वाजवते." वरून असं बोलायचे आणि आतून जळायचे. इंजेक्शन रूमची भिंत लेबर रूमच्या व्हरांड्याला लागून. बाईचं ओरडणं ऐकू यायचं, मग थोडी शांतता आणि मग बाळाचं रडणं. त्या शांततेत माझी सुई हवेत थांबायची. समोरचा पेशंट म्हणायचा, "बाई, टोचून टाका ना एकदाचं." आणि फेरपरीक्षेत परत हात ट्रेकडं गेला तर रिटायर होईपर्यंत मला हेच ऐकत बसायचं होतं, भिंतीच्या अलीकडून.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला ओपीडी संपली. मी लेबर रूमच्या मागच्या स्टोअरमध्ये गेले, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बाहुलीचं खोकं बाहेर काढलं. मग दारात जाऊन पोरीला हाक मारली. ती आली आणि खोक्याकडं बघत उभी राहिली.

"शिकव," मी म्हणलं.

"आत्ता, मॅडम?"

"मग काय मुहूर्त काढू?"

ते "शिकव" तोंडातून काढायला मला चार दिवस लागले होते. तिनं त्यावर काही टोमणा मारला असता तर मी सहन केला असता, माझी तेवढी पात्रता होतीच. तिनं हात धुतले, बाहुली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडं दिली. "बाळ जन्मलं. रडत न्हाई."

तिच्यासारखी कडक मास्तरीण मी शिकताना बघितली नाही. सलाईनच्या खोक्यांमध्ये एक स्टूल, स्टुलावर बाहुली, आणि शेजारी मुद्दाम ठेवलेला किडनी ट्रे. मी म्हणलं, ट्रे काहून ठेवला? तर म्हणे, "तिथं बी असणारच ना, मॅडम." पहिल्या दिवशी दर वेळेला माझा हात ट्रेकडं गेला. मनात पक्कं ठरवून उभी राहायचे आणि ती "रडत न्हाई" म्हणाली की हात आपोआप सुटायचा. आमची मावशी दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसायची. ती गावातल्या बांगडीवाल्यांच्या घरातली, तिची सासूही याच लेबर रूमला मावशी होती. ती म्हणायची, "या अल्ला, एवढं वाजवल्यावर मुर्दा बी उठून बसला असता, सिस्टर. ही रबराची तेवढी उठंना."

पिशवीचंही सोपं नव्हतं. मास्क धरला की माझ्या बोटांतून फुस्स करून हवा सुटायची. मान मी जास्त मागं टाकायचे. "एवढी नको," पोरगी म्हणायची. "फुलाचा वास घेतो ना आपण, तेवढीच." मी मान सरळ करायचे, तोवर मास्क सरकायचा. चिडून एकदा मी बाहुलीलाच शिवी दिली. पोरीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "परत."

आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी परत माझ्या हातात ट्रे आला आणि मी तो वाजवला. मला वाटलं, आता ही कपाळाला हात लावणार. ती तर डोळे मिटून ऐकत होती.

"मॅडम, थांबू नका. वाजवा."

"चेष्टा करती का माझी?"

"न्हाई, खरंच वाजवा."

मी वाजवला. टण, टण, टण, टण. ती बोटांवर मोजत होती. मग सांगायला लागली. आश्रमशाळेत तास बदलल्याची घंटा द्यायचं काम तिच्याकडं होतं. घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. जेवणाची घंटा वेगळी, प्रार्थनेची वेगळी, सुट्टीची वेगळी. हात तोच, तुकडा तोच, फक्त मधली जागा बदलायची. "तुमचा हात एकदम एका चालीत वाजतो, मॅडम. कमी न्हाई, जास्त न्हाई. आता एक ठोका द्या आणि पुढचे दोन मनातच ठेवा."

टण. दोन. तीन. टण. दोन. तीन.

"हा बघा, हाच पिशवीचा वेग हाय," ती म्हणाली. माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि वाजवत्या हातात पिशवी दिली. "आता इथं वाजवा."

मी दाबली. टण, दोन, तीन. बाहुलीची छाती वर आली, खाली गेली, वर आली. मी दाबत राहिले. मावशी दारातून उठून बघायला आली. हात तोच होता, सव्वीस वर्षांची त्याची खोडही तीच होती, पोरीनं तिला नुसतं दुसरं काम दिलं. मला एवढा आनंद झाला की मी तिला म्हणलं, "बापानं आंदण दिलंय का, असं मी तुला म्हणले होते. चुकले." ती म्हणाली, "मान सरळ ठेवा, मॅडम."

फेरपरीक्षेच्या तीन दिवस आधी आमच्या गावचा बाजार होता. बाजारच्या दिवशी रुग्णालयात पाय ठेवायला जागा नसते. सर सिझेरियनला थिएटरमध्ये होते. अकराच्या सुमारास मी एका म्हाताऱ्याच्या दंडाला कापूस लावत होते आणि मावशी धापा टाकत आली. "सिस्टर, दोन्ही टेबलं एकदम. पोरीचे हात गुंतलेत. दुसरीचं बाळ आलंय, आवाज न्हाई."

मला तिथं जायची मनाई होती. हे मला आठवलं, पण दार ओलांडल्यावर आठवलं.

पोरगी एका टेबलाशी होती, तिथल्या बाईला रक्तस्राव होत होता आणि तिला हात काढता येत नव्हता. दुसऱ्या टेबलाशी शिकाऊ सिस्टर बाळाची नाळ कापून, बाळ हातात घेऊन नुसती उभी. मी बाळ घेतलं, उबेच्या टेबलावर ठेवलं, पुसलं, पाठ चोळली. निळसर, लोळागोळा. काही नाही. मी हात पुढं केला आणि माझ्या हातात किडनी ट्रे आला.

मावशीनं दिला होता. तिचीही सवय वीस वर्षांची. दुसऱ्या हातात आर्टरी धरून ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचं तरी काय चुकलं, मीच तिला तसं शिकवलेलं.

"ठेव खाली," मी म्हणलं. "पिशवी दे."

मास्क लावला, दाबलं. टण, दोन, तीन. छाती हलली नाही. परत दाबलं. हलली नाही. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात आला. पलीकडच्या टेबलावरून, मान वर न करता, पोरीचा आवाज आला, "मान, मॅडम. फुलाचा वास."

मान किंचित मागं केली. मास्क परत बसवला. टण. आणि ती एवढीशी छाती वर आली. दोन, तीन. टण. दोन, तीन. मी मोठ्यानं म्हणत होते की मनात, मला माहीत नाही. मावशी नंतर म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. आधी ओठ बदलले, मग छाती, मग तळपाय. मी दाबत होते. एकदा बाळानं स्वतःहून आचका दिला. मग थोडं थांबून दुसरा. मग तोंड वाकडं केलं आणि अशी काही किंकाळी फोडली की बाहेर बाकावर बसलेली बाळाची आजी दारावर धडका द्यायला लागली.

मुलगी होती. मी तिला आईच्या छातीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तोपर्यंत पोरीनं पलीकडच्या बाईचा रक्तस्रावही आटोक्यात आणला होता. मला त्या वेळी हदगावची ती हिरव्या बांगड्यांची बाई आठवली, आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. त्यानं तिला काही परत मिळालं नाही, हे मला कळतं.

सर थिएटरमधून आले तेव्हा मी अजून तिथंच होते. मीच आधी म्हणलं, "मनाई असताना आत आले, सर. काय लिहायचं ते लिहा." त्यांनी बाळाकडं बघितलं, खाली ठेवलेल्या ट्रेकडं बघितलं आणि विचारलं, "लातूरची एसटी कितीची आहे तुमची?"

फेरपरीक्षेला तोच हॉल, तेच टेबल, फळ्यावर तेच "पहिलं मिनिट". आम्ही सात-आठ जणी होतो. माझा नंबर आला. ट्रॉलीजवळ गेले आणि बघते तर किडनी ट्रे बरोब्बर माझ्या उजव्या हाताशी, वर आर्टरी आडवी ठेवलेली. बाकी सामान पलीकडं सरकवलेलं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम छताच्या पंख्याकडं बघत होत्या. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

"बाळ जन्मलंय," त्या म्हणाल्या. "रडत नाही."

पुसलं. पाठ चोळली.

"अजून रडत नाही."

मी आर्टरी बाजूला केली आणि ट्रे उचलला. बाळ पुसलेलं ओलं फडकं मी त्या ट्रेमध्ये टाकलं, कारण ट्रे त्याच्यासाठीच असतो, आणि ट्रे खालच्या कप्प्यात सारला. मग मान, मास्क, पिशवी. टण, दोन, तीन. मी पहिल्या दाबाला छाती वर आणली आणि मॅडम "थांबा" म्हणेपर्यंत ती एकदाही चुकू दिली नाही. घड्याळाकडं मीच बघितलं. मिनिट व्हायला अजून वेळ होता.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "ट्रे मी मुद्दाम ठेवला होता."

"माहीत हाय."

"राग आला?"

"लई आला."

त्या हसल्या. सहा दिवसांच्या प्रशिक्षणात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "पास आहात. आणि तुमच्या भागातल्या सिस्टरांना तुम्हीच शिकवा. मी शिकवलं तर त्या मान हलवतील आणि घरी जाऊन ट्रे वाजवतील." मी हॉलच्या बाहेर येऊन पोरीला फोन लावला. ती ड्यूटीवर होती, तिनं दोन शब्दांत काम उरकलं, "हाव मॅडम." पण मागून मावशीचा आवाज आला, ती सगळ्या वॉर्डला सांगत सुटली होती. नांदेडपर्यंतच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि एकटीच हसत राहिले. शेजारची बाई दोनदा सरकून बसली.

आता दर महिन्याला आमच्याकडं आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर शिकायला येतात. बाहुली टेबलावर असते, उघडी. तिचा रंग उडालाय, एका कानाचा टवका गेलाय, प्लॅस्टिकची पिशवी कुठं गेली देवाला माहीत. कपाटाला कुलूप नाही. शिकवतो आम्ही दोघी, मी आणि पोरगी. कडक कोण म्हणाल, तर तीच.

पहिल्याच तुकडीत किनवटच्या आतल्या केंद्रातली एक सिस्टर होती. माझ्याच वयाची, नाकात जुनी चमकी, सगळ्यात मागं बसलेली. दोनदा शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली असेल ते मला न ऐकताच कळलं. तिची पाळी आली. मी म्हणलं, "बाळ जन्मलंय. रडत न्हाई." तिनं पुसलं, चोळलं. "अजून रडत न्हाई." तिचा हात ट्रॉलीकडं गेला, ट्रे उचलला आणि टण, टण, टण, टण.

पोरी हसायला लागल्या. त्या सिस्टरचा चेहरा पडला, ट्रे तिच्या हातात तसाच राहिला.

"हसायचं न्हाई कुणी," मी म्हणलं. "मी याच ट्रेवर नापास झालेली बाई हाय." हसणं तिथल्या तिथं थांबलं. मी पुढं झाले, तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि वाजवत्या हातात पिशवी दिली. त्यावर माझा हात ठेवला.

"चांगलं वाजवता तुम्ही," मी तिला म्हणलं. "आता इथं वाजवा."